क्षेत्रभेट आणि नोंदवही
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे एक वही. किंमत फार तर चाळीस-पन्नास रुपये. परंतु ही वही घेऊन मुलाला एक दिवस सड्यावर, खाडीकाठी किंवा जंगलात पाठवा असे आम्ही शिक्षक म्हणू लागलो, की पालकांकडून तीन प्रश्न हमखास येतात. पहिला, दहावीच्या परीक्षेत याला किती गुण आहेत? दुसरा, तिथे साप-विंचू असतात, जबाबदारी कोणाची? आणि तिसरा प्रश्न मुलींच्या पालकांचा असतो, आमची मुलगी रानात जाऊन काय करणार? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्या समाजातील कितीतरी वडील आखाती देशांत राबून मुलांची फी भरतात. त्या पैशाचा आणि त्या वेळेचा हिशेब मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे, म्हणून आज मी तो हिशेब देणार आहे.

प्रथम क्षेत्रभेट म्हणजे काय ते सांगतो. क्षेत्रभेट म्हणजे सहल नव्हे. सहलीत आपण पाहतो आणि परत येतो. क्षेत्रभेटीत आपण पाहतो, मोजतो, विचारतो, लिहितो, आणि मग परत येतो. दोहोंमध्ये फरक आहे तो या वहीचा. वही नसेल, तर आठ दिवसांनी मुलाला एवढेच आठवते की डबा कोणी चांगला आणला होता.

आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहू या. गावाच्या वर जो काळा कातळाचा सडा आहे, त्याला सात-बाराच्या उताऱ्यावर बहुधा ‘पोटखराब’ म्हणून नोंदवलेले असते. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मार्च-एप्रिलमध्ये तिथे उभे राहिलात, तर तुम्हीही म्हणाल की नोंद बरोबर आहे. गवताची वाळलेली काडी सोडली तर काही दिसत नाही. पण त्याच वेळी टिटवी उघड्या दगडांत अंडी घालून बसलेली असते. अंड्यांचा रंग दगडांसारखा असल्यामुळे ती तुम्हाला दिसत नाहीत, एवढेच.

जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि त्याच सड्यावर दीपकाडीची पांढरी फुले येतात. हा एक कंद आहे, आणि तो जगात कोकण व त्याच्या लगतच्या टापूखेरीज कोठेही आढळत नाही. लंडनच्या माणसाला किंवा दुबईच्या माणसाला तो पाहायचा असेल, तर त्याला विमानाने इकडे यावे लागेल. आपल्या मुलाला चप्पल घालून अर्धा तास चालावे लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ कातळावर सीतेची आसवं फुलतात. ते निळे-जांभळे इवलेसे फूल दिसायला नाजूक, पण वनस्पती कीटकभक्षी आहे. कातळावरच्या पातळ मातीत नत्राचा तुटवडा असतो. म्हणून या वनस्पतीला बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारी दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती चिकट केसांनी किडे धरत असते. गेंदाची पांढरी बोंडे, तेरडा, कवल्याची पिवळी फुले असा एकामागून एक क्रम लागतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात सारे आटोपते. चार महिन्यांचा हा संसार ज्याने पाहिला, तो त्या जमिनीला ‘खराब’ म्हणताना जरा थांबेल.

हाच मुद्दा मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. कागदावर ज्याची नोंद नाही, ते नाही असे समजले जाते. सड्यावर उद्या खाण निघाली किंवा तो मातीने भरून बाग केली, तर तिथे काय होते हे सांगणार कोण? गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असेल, पण त्यांचे ठाऊक असणे कागदावर नसेल. याच सड्यांवरच्या कातळशिल्पांचे उदाहरण घ्या. दगडात कोरलेली ती हत्तीची, माशांची, माणसांची चित्रे गुरे चारणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. रत्नागिरीतल्या काही हौशी मंडळींनी गावोगाव फिरून, लोकांना विचारून, मोजमापे घेऊन त्यांची नोंद केली. ती नोंद झाली म्हणून २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. चित्रे हजारो वर्षांची होती. त्यांना संरक्षणाची वाट मिळाली ती वहीमुळे. झाडाझुडपांचे आणि पशुपक्ष्यांचे काम याहून निकडीचे आहे, कारण दगड थांबतो, रोप थांबत नाही.

नोंद ठेवण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने आपल्या आत्मचरित्रात येथील प्राण्यांची, पक्ष्यांची, फळांची तपशीलवार वर्णने लिहिली. जहांगीर बादशहाने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. नर आणि मादी अंड्यांवर पाळीपाळीने कसे बसतात हे त्याने दिवस मोजून लिहून ठेवले. त्याच्या दरबारातील चित्रकार मन्सूर याने सैबेरियन क्रौंचाचे चित्र काढले. युरोपातील शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले ते १७७३ साली, म्हणजे मन्सूरनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. तो पक्षी हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला येत असे. २००२ सालानंतर तो तिथे आलेला नाही. पक्षी गेला, चित्र राहिले. नोंदीचे महत्त्व याहून वेगळे काय सांगू?

आणि अलीकडचे नाव तर तुम्हा सर्वांना परिचित आहे. डॉ. सालिम अली. १८९६ साली मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडिलांचे छत्र गेले, मामांनी वाढवले. एके दिवशी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हा प्रश्न घेऊन तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तेथील चिटणीस मिलार्ड साहेबांनी त्याला हाकलून न देता पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या वयात सालिम वहीत टिपणे लिहीत असे. एका टिपणात त्याने लिहिले होते की घरट्याजवळचा चिमणा मारला की थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळतो. असे आठवडाभरात अनेकदा घडले. टिपण लिहिताना त्या मुलाला अभिमान होता तो नेमबाजीचा! परंतु सुमारे साठ वर्षांनी तेच टिपण पक्षिनिरीक्षकांच्या पत्रिकेत छापले गेले, कारण त्यात चिमण्यांच्या वागणुकीचा पुरावा होता. मुलाने जे पाहिले ते तसेच लिहिले, म्हणून ते साठ वर्षांनी उपयोगी पडले.

पुढे १९३० साली हातात नोकरी नसताना हेच गृहस्थ अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घरासमोरच्या झाडावरील सुगरणींची घरटी पाहत बसले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तरच राहते. मग नर दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हे सारे त्यांनी तासन्‌तास बसून टिपले आणि त्यातून त्यांचे नाव झाले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मिळाली नव्हती. १९७६ साली त्याच देशाने त्यांना पद्मविभूषण दिले. मुलांनो, यावरून पदवीची गरज नाही असा सोयीस्कर अर्थ काढू नका! अर्थ एवढाच, की पदवीच्या बरोबरीने निरीक्षण लागते.

मुलींच्या पालकांना मी आणखी एक नाव सांगतो. जमाल आरा. बिहारमध्ये १९२३ साली जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण दहावीपर्यंत झाले होते. छोटा नागपूरच्या रानात फिरून त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी केल्या, शास्त्रीय नियतकालिकांत लेख लिहिले, आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टने मुलांसाठी त्यांचे पक्षिनिरीक्षणावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा मुलगी रानात जाऊन काय करणार, या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी थोडे कामाचे बोलतो. नोंद कशी करायची?

वहीत पुष्कळ मुले लिहितात, ‘आज आम्ही सड्यावर गेलो. खूप सुंदर फुले पाहिली. निसर्ग महान आहे.’ निबंधाला हे चालेल, नोंदीला चालणार नाही. या वाक्यांतून दुसऱ्या माणसाला काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘१२ ऑगस्ट, सकाळी सव्वाआठ. गावाच्या पूर्वेचा सडा, तळ्याच्या वरची बाजू. रिमझिम पाऊस. ओल्या कातळावर निळी-जांभळी फुले, उंची माझ्या करंगळीएवढी. एक मीटर चौकटीत ३७ फुले मोजली. शेजारच्या दादी याला सीतेची आसवं म्हणतात. नावाची पक्की खात्री नाही.’ पाहा, यात एकही अवघड शब्द नाही. पण वीस वर्षांनी कोणीही ही वही घेऊन त्याच जागी जाऊ शकेल आणि फुले वाढली की घटली हे सांगू शकेल.

तेव्हा पाच गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यात: केव्हा, कोठे, हवा कशी होती, काय पाहिले, आणि नाव कोणी सांगितले. झाडासाठी पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पान चुरगळल्यावर वास येतो का, पाकळ्या किती, चीक निघतो का, हे लिहा. प्राणी दिसला नाही तरी त्याची विष्ठा, पावलाचा ठसा, बीळ, साळिंदराचा काटा यांची नोंद होते. पक्ष्यासाठी आकार चिमणीपेक्षा मोठा की कावळ्यापेक्षा लहान, शेपूट कशी, काय खात होता, हे लिहा. जमेल तसे चित्र काढा. चित्र वाईट आले तरी हरकत नाही. चित्र काढताना डोळा जितका वेळ एका पानावर राहतो, तितका मोबाईलच्या फोटोत राहत नाही. फोटोही काढा, त्याला माझा विरोध नाही; फोटोशेजारी एक नाणे किंवा पेन्सिल ठेवा म्हणजे आकार कळेल.

चौकट कशी करायची? चार खुंट्या आणि चार मीटर सुतळी घ्या. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन करा. त्यात किती प्रकारची रोपे आहेत आणि प्रत्येकाची किती, हे मोजा. एवढ्याशा जागेत वीस मिनिटे गुडघे टेकून बसलेला मुलगा वर्गातल्या महिन्याभराच्या तासांपेक्षा अधिक शिकतो, हा माझा अनुभव आहे. मोजणी, सरासरी, टक्केवारी, आलेख हे सारे गणितही त्यातच येते. गुणांचा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना हे माझे पहिले उत्तर.

आणखी एक पथ्य. जे पाहिले ते आणि जे वाटले ते वेगळे लिहा. ‘बिबट्या दिसला’ आणि ‘बिबट्याचा असावा असा ठसा दिसला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खात्री नसेल तर खात्री नाही असे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट अशा माणसाच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो. ही सवय पुढे डॉक्टरला, वकिलाला, हिशेबनिसाला आणि साक्षीदारालाही उपयोगी पडते.

आता ‘देशी’ या शब्दाविषयी. वर्गात मी एकदा विचारले, आपल्या कोकणातले अस्सल देशी झाड सांगा. पहिले उत्तर आले, काजू! काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. मिरचीही अमेरिकेची, देवळाजवळचा आणि कबरस्तानातला पांढरा चाफाही मध्य अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा. रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ तर नावातच गाव सांगते. याचा अर्थ काजू तोडा असा नाही. काजूने कोकणाला भाकरी दिली आहे. परंतु रानमोडी आणि घाणेरी यांनी बाहेरून येऊन येथल्या रोपांची जागा बळकावली आहे, हेही खरे. कोण घरचे आणि कोण पाहुणे हे कळल्याशिवाय कोणते पाहुणे घर व्यापू लागले हे कळत नाही. ऐन, किंजळ, कुंभा, काजरा, उंडी, सुरंगी, रातांबा, करवंद ही घरची मंडळी. जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला फळे आणून भरवतो. तसले झाड तोडून त्याच्या बदल्यात दहा ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या, तर हिशेबात नऊ झाडे वाढली. पण धनेशाचे घर गेले. कोणती झाडे होती याची नोंद असेल तरच हा फरक दाखवता येतो.

खाडीकडेही असेच आहे. ‘कांदळवन’ म्हणून आपण सारे एकत्र म्हणतो, पण तिवर वेगळा, कांदळ वेगळा, चिपी वेगळी. चिपीला २०२० साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, कांदळाला कमानीसारखी आधारमुळे असतात. लहान मुलालाही फरक ओळखता येतो. आणि इथे खरे गुरू कोण? मुळे, तिसऱ्या, कालवे काढणाऱ्या आपल्याच स्त्रिया. कोणत्या तिथीला पाणी किती ओसरते, चिखलात कोठे पाय टाकावा, कोणता खेकडा कोणत्या झाडाखाली, हे त्या बोलता बोलता सांगतात. त्यांच्यापुढे माझी बी.ए., बी.एड. काही कामाची नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या एका विद्यार्थिनीला मी गृहपाठ दिला होता: घरातल्या सर्वांत वडील माणसाला पावसाळ्यातल्या रानभाज्यांची नावे विचार. तिच्या दादी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मुलीने दहा-बारा संध्याकाळी उशाशी बसून टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळं अशी नावे उतरवून घेतली. नुसती नावे नव्हे, तर कोणती कोवळी खुडायची, कोणती उकळून पाणी टाकायचे, शेवळाची खाज जावी म्हणून त्यात काय घालायचे, हेही. मग ती मुलगी आम्हाला सड्यावर घेऊन गेली आणि आम्ही त्यातील बहुतेक रोपे शोधून त्यांचा महिना व जागा लिहिली. पुढच्या पावसाळ्यापूर्वी दादी वारल्या. घरातल्या कोणालाही त्यातली निम्मी नावे ठाऊक नव्हती. वही मात्र आहे. तिची अम्मी ती वही कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवते. पालकहो, परीक्षेत गुण किती, या प्रश्नाचे हे माझे दुसरे उत्तर. आणि याला गुणांत मोजण्याची माझी तयारी नाही.

आता जबाबदारीचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. आपल्या सड्यांवर फुरसे आहे. ते लहान असते, दगडाखाली असते आणि विषारी असते. म्हणून नियम कडक हवेत. पायात बूट, हातात काठी. दगड हाताने उचलायचा नाही, बिळात हात घालायचा नाही. निघण्यापूर्वी जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष उपलब्ध आहे ना, याची शिक्षकाने चौकशी करायची आणि वाहन सोबत ठेवायचे. ढग गडगडू लागले की उघडा सडा ताबडतोब सोडायचा, विजेशी खेळ नको. खाडीवर जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी पाहायची. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी झपाट्याने चढते. मुलांचे लहान गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस, आणि मुलींच्या गटाबरोबर शिक्षिका किंवा एखादी आई. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल नाही. आणि घरटे, अंडी, कंद यांना हात लावायचा नाही. आपण लिहायला आलो आहोत, लुटायला नव्हे. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नये, हेही लक्षात ठेवा.

वही भरल्यावर तिचे काय करायचे? ती रद्दीत गेली तर सारे व्यर्थ. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या मदतीने गावची जैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. तुमच्या वहीची प्रत तिथे द्या. पोच घ्या. आपल्या पंचायतीची नोंदवही पाहायला मागा. तिच्यात आपल्या सड्याचे पान आहे का, ते वाचा. नसेल तर लिहून देणारे आपण आहोत. पक्ष्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’वर देता येतात, एकाच झाडाकडे दर आठवड्याला पाहून मोहोर, फळ, पालवी टिपण्याचा ‘सीझनवॉच’ या उपक्रमात तर शाळांनाही भाग घेता येतो. अंगणातल्या आंब्यापासून आजच सुरुवात करता येईल, त्याला सहलीचा खर्चही नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की यंदाच्या पावसाळ्यात मुलाला आणि मुलीलाही एक दिवस आमच्या स्वाधीन करा, आणि शक्य असेल तर स्वतः सोबत या. तुम्ही लहानपणी गुरांमागे, होडीवर, करवंदांसाठी जे रान तुडवले, त्याची माहिती आमच्या पुस्तकांत नाही. परदेशातून सुट्टीवर आलेल्या वडिलांनी तर अवश्य यावे. मुलाला तुमच्याकडून मिळणाऱ्या खेळण्यांपेक्षा तुम्हाला ठाऊक असलेल्या दहा झाडांची नावे अधिक काळ टिकतील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला. दारातल्या पहिल्या झाडाचे नाव लिहा. नाव ठाऊक नसेल तर दादीला विचारा, आणि ‘दादीने सांगितले’ असे पुढे लिहायला विसरू नका.